पक्की टिप म्हणजे नुरा कुस्ती

२१ ऑगस्ट २०२२, रविवारची सकाळ. भुसावळच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही पाच जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलो होतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत तेव्हा शनिवारची रात्र होती आणि यूएफसी २७८ ची शेवटची फाइट चालू होती. कमारू उस्मान विरुद्ध लिऑन एडवर्ड्स, पाच राउंडची टायटल फाइट. चार राउंड संपले, पाचवाही संपत आला. तिन्ही जजच्या कागदावर उस्मान पुढे होता. आमच्यातल्या एकाने मोबाईल काढून ग्रुपवर टाकलं, 'आले पैसे.' त्याने अठरा हजार लावले होते. रेल्वे भरतीच्या क्लासच्या फीचे. टेलिग्रामवरच्या एका चॅनेलने सांगितलं होतं: उस्मान, शंभर टक्के, डोळे झाकून लावा.

छप्पन्न सेकंद उरले असताना एडवर्ड्सने डाव्या हाताची हूल दिली. ती चुकवायला उस्मान बाजूला झुकला आणि एडवर्ड्सची डावी लाथ बरोबर त्याच्या डोक्यावर बसली. उस्मान पडला तो हललाच नाही. खोलीत कोणी बोलेना. बाहेर मालगाडी शंटिंग करत होती तेवढाच आवाज.

दुपारपर्यंत त्या चॅनेलवरून ती पोस्ट गायब झाली. संध्याकाळी पुढच्या आठवड्याची टिप आली, पुन्हा शंभर टक्के.

मला त्या अठरा हजारांबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी त्या सकाळी आम्ही काय काय बघितलं नाही ते सांगतो. पहिल्याच राउंडमध्ये एडवर्ड्सने उस्मानला खाली पाडलं होतं. यूएफसीत तोवर उस्मानला कोणीही पाडलं नव्हतं. प्रत्येक प्रीव्ह्यूत हे वाक्य होतं आणि पाच मिनिटांच्या आत ते खोटं ठरलं. आम्ही काय केलं? 'फ्लूक आहे' म्हणून चहा मागवला. कारण आम्ही फाइट बघतच नव्हतो. आधीच ठरलेला निकाल खरा होतोय का, एवढंच तपासत होतो. परीक्षेनंतर आन्सर की घेऊन बसतात तसं.

माझं भांडण इथे आहे. एमएमएच्या कार्डवर कोण जिंकणार हे सांगणाऱ्या व्हिडिओंनी, रील्सनी आणि चॅनेलांनी आपला बघायचा डोळा बिघडवला आहे. तीच सवय आता आपल्या कुस्तीतही शिरली आहे.

कोणी म्हणेल, अंदाज बांधण्यात वाईट काय? गावच्या दंगलीत म्हातारे काय करत होते? बरोबर आहे. म्हणून आधी दंगलीबद्दलच बोलू. (पश्चिम महाराष्ट्रात कुस्तीचं मैदान भरतं, आमच्याकडे खानदेशात दंगल. बाहेरच्यांना शब्द ऐकून दचकायला होतं.) लहानपणी मामा मला तापीकाठच्या एका गावी यात्रेच्या दंगलीला घेऊन जायचा. तिथे कार्ड नव्हतं, पोस्टर नव्हतं. लंगोट लावलेली पोरं हौदाभोवती फिरायची, कोणी कोणाला हात द्यायचा, आणि मग फेटा बांधलेला एक म्हातारा दोघांना शेजारी उभं करायचा. मान बघायचा, पिंढरी बघायची, कान बघायचे. कान मोडलेला असला की समजायचं, हा मातीत पुष्कळ घासला गेलाय. मग तो मान हलवायचा: 'नाही. हा भारी पडेल.' एकाला मागे पाठवायचा, दुसरा शोधायचा. पटलं की जोड जाहीर व्हायची, इनामाचा आकडा पुकारला जायचा आणि हलगी कडाडायची.

एकदा मामाने त्याला विचारलं, 'बाबा, कोण येईल?' म्हातारा वैतागला. 'मले ठाऊक राह्यतं त जोड कायले लावली असती, भो?'

त्या म्हाताऱ्याची सगळी हुशारी निकाल सांगता येऊ नये यासाठी खर्च होत होती. आधीच सांगता आला तर जोड चुकली. काटा जोड म्हणजे तराजूचा काटा मधे थांबलेला. यूएफसीचा मॅचमेकर पगार घेऊन हेच काम करतो, निदान चांगल्या दिवशी तरी. पैसे वसूल होतील, तिकिटं खपतील हे बघून करतो हे मान्य. पण ज्या फाइटचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे ती फाइट कोणी विकत घेत नाही. म्हणजे 'शंभर टक्के' म्हणणारा माणूस एक तर जोड लावणाऱ्याला मूर्ख ठरवतो, नाहीतर तुम्हाला.

आणि निकाल खरंच आधी ठाऊक असेल तर? त्यालाही आपल्याकडे जुना शब्द आहे, नुरा कुस्ती. आधी ठरवून केलेली. ती ओळखू आली की दंगलीत लोक दोघांनाही हौदाबाहेर हाकलायचे.

आता एमएमएचं गणित बघू, कारण व्हिडिओवाले आकड्यांच्या आडोशाला उभे असतात. उंची इतकी, हाताची लांबी इतकी, मिनिटाला इतके ठोसे, टेकडाउन अडवण्याची टक्केवारी इतकी. क्रिकेटमध्ये बॅट्समन वर्षात डझनावारी डाव खेळतो, तिथे सरासरीला काही अर्थ असतो. एमएमएचा फायटर वर्षात दोन फाइट लढतो, फार तर तीन, आणि प्रत्येक वेळी समोरचा वेगळ्या जातकुळीचा. कोणी बॉक्सिंगमधून आलेला, कोणी जुजित्सूतून, कोणी दागेस्तानच्या कुस्तीतून. सहा फाइटच्या आकड्यांवरून टक्केवारी काढून ती दशांशात सांगणं म्हणजे तीन दिवसांच्या पावसावरून केळीचा वर्षभराचा भाव सांगणं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते.

ज्यावर फाइट खरोखर ठरते ते आकड्यांत नसतंच. फाइटच्या आदल्या दिवशी वजन होतं. त्यासाठी फायटर अंगातलं पाणी काढतो आणि रात्रीत परत भरतो. कोणाला ते मानवलं, कोण सकाळी उठल्यावर डोकं धरून बसला? सरावात गुडघा दुखावला का? हे फायटरला ठाऊक, त्याच्या कोचला ठाऊक. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं आणि असूही नये. कारण ते बाहेर पडलं तर काय होतं हे त्याच वर्षाच्या शेवटी दिसलं. जेम्स क्राउझ हा यूएफसीचा माजी फायटर आणि कोच, आणि सोबतीला पैसे लावणाऱ्यांसाठी टिपा देण्याचा धंदाही करायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा शिष्य डॅरिक मिनर लढणार होता. फाइटच्या काही तास आधी मिनर पहिल्याच राउंडमध्ये हरेल यावर अचानक पैसा ओतला गेला. फाइट सुरू झाली, मिनरने लाथ मारली आणि पाय दुखल्यासारखा कळवळला, पहिल्याच राउंडमध्ये संपला. तो आधीपासून जखमी होता. पुढे चौकशी लागली, क्राउझकडे शिकणाऱ्या कोणालाही कार्डवर घेणार नाही असं यूएफसीने जाहीर केलं आणि कॅनडात ओन्टारियोने यूएफसीवरची बेटिंगच काही काळ थांबवली.

म्हणजे हिशेब सोपा आहे. पक्की टिप देणाऱ्याला आतलं काही ठाऊक नसेल तर तो थापा मारतोय. ठाऊक असेल तर तो चोरी करतोय. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. मोठ्या ॲपांनी पैशांचे खेळ बंद केले. टिपांच्या चॅनेलांना त्याने काय फरक पडला? माझ्या फोनवर तरी काही नाही. 'पर्सनल मेसेज करा' एवढी एक ओळ वाढली.

पण सगळा दोष चॅनेलांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. पैसे न लावता केलेलं भाकीतही डोकं फिरवू शकतं. आपली महाराष्ट्र केसरी बघा. दर वर्षी 'कोण होणार महाराष्ट्र केसरी?' असे व्हिडिओ येतात. त्यात डाव नसतो, दम नसतो. असतो तो जिल्हा, तालीम, वस्ताद आणि दबक्या आवाजात जात. 'औंदा आपलाच.' असं महिनाभर ऐकलं की ते भाकीत राहत नाही, सातबारा होतो. आणि सातबाऱ्यावर नाव आपलं असताना गदा दुसऱ्याने नेली, तर मधे कोणीतरी चोर असलाच पाहिजे. बहुतेक वेळा तो पंच असतो.

जानेवारी २०२३ ला पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले. ते बरोबर की चूक यावर वाद घालायला हरकत नाही, मीही घातला. पण ज्यांना टांग आणि ढाक यांतला फरक सांगता येत नाही त्यांनी पंचाच्या सात पिढ्या काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिलं गेलं. पाठ पूर्ण टेकली नाही असं राक्षेचं म्हणणं होतं. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम फेरीत महेंद्र गायकवाड मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पैलवानाच्या आयुष्यातली तीन वर्षं! त्या रात्री आमच्या ग्रुपवर लाथेची क्लिप संगीत लावून फिरत होती. पंचाच्या निर्णयाचा फेरविचार कसा व्हावा, कॅमेरे किती हवेत, यावर एकही मेसेज नव्हता.

आणि भाकितं खरी तरी होतात का? जानेवारी २०२० ला आधीचे दोन्ही विजेते, अभिजित कटके आणि बाला रफिक शेख, अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडले. अंतिम कुस्ती झाली हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात, दोघेही काका पवारांच्या तालमीतले. रोज एकमेकांच्या अंगावर पडून घाम गाळणारे. ३-२ ने सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. अशा जोडीत कोण जिंकणार, हे वस्तादालाही सांगता आलं नसतं. नोव्हेंबर २०२३ ला फुलगावात सिकंदरने आधीच्या विजेत्याला, शिवराज राक्षेला, मिनिट भरायच्या आत झोळीवर चितपट केलं. तासाभराचं विश्लेषण करणाऱ्यांचा इंट्रोही तेवढ्यात संपत नाही.

आमच्या खानदेशाला तर हे आधी कळायला हवं. कुस्ती म्हटलं की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे. आमचं नाव कोणाच्या अंदाजात नसायचं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा गदा नेली. अंदाजाच्या नकाशात नसलेल्या जिल्ह्याने निदान अंदाजाची आरती करू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये जामनेरच्या कुस्ती महाकुंभात परदेशी मल्ल उतरले, तेव्हा निकाल काय लागणार हे सांगणारे आमच्याकडेही ढिगाने निघालेच.

मग प्रीव्ह्यू लिहूच नये का? लिहावा की. मी स्वतः दर कार्डाच्या आधी वाचतो. पण 'कोण' याला चार ओळी पुरे आहेत. मला सांगा, फाइट कुठे ठरेल. हा पैलवान पहिल्या मिनिटाला पटात घुसतो, ते जमलं नाही तर तिसऱ्या मिनिटाला त्याची मान खाली येते, तिथे बघा. हा बॉक्सर हूल दिली की नेहमी एकाच बाजूला झुकतो, तिकडून लाथ येईल. उस्मान-एडवर्ड्सच्या आधी कोणी मला एवढं एक वाक्य सांगितलं असतं आणि खाली 'तरीही उस्मान जिंकेल' असं चुकीचं भाकीत केलं असतं, तरी मी त्याचे पाय धरले असते. महाराष्ट्र केसरीचा प्रीव्ह्यू लिहिणाऱ्याने सांगावं की केसरी गट ८६ ते १२५ किलोचा आहे, म्हणजे हलका आणि जड यांच्यात चांगलं पोतंभर अंतर असू शकतं. अंतिम कुस्ती मॅटवर होते, मग मातीतून आलेल्याचा पाय तिथे कसा पडतो? तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत त्याच्या दमाचं काय होतं? म्हातारे दंगलीत हेच बोलायचे. 'पोरगं उजव्या हाताला कच्चं आहे,' म्हणायचे आणि पुढचा डाव त्याच हाताकडून यायचा. नाही आला तर बाजूचा त्यांना तिथल्या तिथे खिजवायचा. बाबा पोस्ट डिलीट करून जाऊ शकत नव्हते, संध्याकाळी त्याच पारावर बसायचं होतं.

माझी मागणी एवढीच आहे. अंदाज करा, पण कारण सांगून करा. आणि चुकलात तर परत येऊन काय बघायचं राहिलं ते सांगा. हे जो करत नाही त्याला अनफॉलो करा. माझ्या ओळखीतले निम्मे लोक याने बेरोजगार होतील, होऊ देत.

अठरा हजारवाल्या मित्राने ते पैसे कसे फेडले हे त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या वर्षी त्याने क्लास लावला नाही, घरी बसून अभ्यास केला. वडील ट्रॅकवर कामाला, त्यांना अजून माहीत नाही. फाइट बघायला तो वर्षभर आला नाही. मग आला. आता आमच्या ग्रुपवर नियम आहे: जिंकणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, कुठे बघायचं ते लिहायचं. मागच्या कार्डाच्या आदल्या रात्री त्याचा मेसेज आला, 'दुसऱ्या राउंडला निळ्या शॉर्टवाल्याचा डावा पाय बघा, तो जड पडेल.'

आम्ही चौघं दुसरा राउंडभर डाव्या पायाकडे बघत बसलो. राउंड संपल्यावर त्याने स्वतःच लिहिलं, 'चुकलो बे. उजवा होता.'