अनस्पेसिफाइड गुडघा

शनिवारी सकाळी लिहायला बसलोय आणि आज जरा चिडूनच लिहिणार आहे. आधीच सांगितलेलं बरं.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर. डॉक्टरच्या निदानाला कोड लावायचा, तो क्लेमवर जातो, मग पैसे येतात. कोड आयसीडी-१० या जागतिक यादीतले. अमेरिकेने तिची स्वतःची वाढवलेली आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. पुण्यात बसून मी असे हजारो गुडघे स्क्रीनवरून सरकताना पाहिलेत. गेल्या पावसाळ्यात माझा स्वतःचा गुडघा त्या रांगेत जाऊन उभा राहिला.

झालं असं, की बाहेरचं खाऊन मला रक्ती आव झाली. घराजवळच्या डॉक्टरांनी शौचाचं कल्चर करायला लावलं, शिगेला निघाला, गोळ्या घेतल्या, आठवड्यात ठणठणीत. तीन आठवड्यांनी डावा गुडघा नारळाएवढा! एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल झालो. सांध्यात पू नाही ना, म्हणून सुईने पाणी काढून कल्चरला पाठवलं, तोवर सलाइनमधून अँटिबायोटिक्स. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. चौथ्या दिवशी घरी. डिस्चार्ज समरीवर निदान : 'आर्थ्रायटिस, अनस्पेसिफाइड'. कोड एम१३.९.

पुढे विमा कंपनीचं पत्र. बऱ्याच पॉलिसींमध्ये 'नॉन-इन्फेक्टिव्ह आर्थ्रायटिस'ला पहिले २४ महिने संरक्षण नसतं. माझी पॉलिसी १४ महिन्यांची. क्लेम नामंजूर. ७४ हजार रुपये, राम राम.

आता मंडळी, खरा मुद्दा. मला जे झालं होतं ते रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, येर्सिनिया यांपैकी कुणी आतड्यात धिंगाणा घालून जातं आणि साधारण एक ते चार आठवड्यांनी सांधे सुजतात. सांध्यात जिवंत जंतू सापडत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच तिथे भडकलेली असते. मग हे इन्फेक्टिव्ह की नॉन-इन्फेक्टिव्ह? आयसीडी-१० ने याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. एम०० ते एम०३ हा गट 'संसर्गजन्य सांधेविकारां'चा. त्यात थेट संसर्ग आणि अप्रत्यक्ष संसर्ग असे दोन प्रकार स्पष्ट सांगितलेत, आणि रिॲक्टिव्ह हा दुसऱ्या प्रकारात आहे. आवेनंतरच्या सांधेदुखीला स्वतंत्र कोडसुद्धा आहे : एम०२.१. एम१३.९ मात्र या गटाच्या बाहेर. म्हणजे गुडघा तोच, पेशंट तोच, फक्त कोड बदलला की आजाराची जातच बदलते.

बरं, माहिती नव्हती असंही नाही! दाखल झालो त्या रात्री एका ज्युनिअर डॉक्टरने विचारलं होतं, मी सांगितलंही होतं. केसपेपरच्या चौथ्या पानावर लिहिलेलं आहे, 'तीन आठवड्यांपूर्वी जुलाब'. पण ते चौथ्या पानावरच राहिलं. समरीपर्यंत पोचलंच नाही.

अशा वेळी कोडिंग करणाऱ्या पोरांना शिव्या घालायची पद्धत आहे. माझा आक्षेप तिथेच आहे. कोडरला अंदाज करायची मुभा नाही. फाइलमध्ये जुलाब आहेत, गुडघाही आहे, पण 'जुलाबांमुळे गुडघा' असं डॉक्टरने लिहिलेलं नसेल तर तो हे नातं स्वतः जोडू शकत नाही. आणि जोडू नयेच. अमेरिकी नियमात तर ओपीडीत 'बहुधा', 'शक्यता' असं लिहिलेलं निदान कोडच करत नाहीत, नुसतं लक्षण कोड करतात. सगळं अडतं ते 'मुळे' या एका शब्दावर.

डॉक्टर म्हणतील, ओपीडीत साठ पेशंट बसलेत, कारकुनी कधी करू? पटतं. पण ही कारकुनी नाही हो. सांधे सुजेपर्यंत शौचाच्या कल्चरमध्ये बरेचदा काही सापडत नाही. त्या वेळी जुनी नोंद हाच काय तो पुरावा उरतो. 'महिनाभरात जुलाब झाले होते का?' हा एक प्रश्न आणि उत्तराची एक ओळ, ही तपासणीच आहे. फुकटातली.

नुसतं 'रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस' लिहूनही भागत नाही. अमेरिकी सूची तिथून एम०२.३ कडे, म्हणजे 'रायटर्स डिसीज'कडे पाठवते. आतड्याचा उल्लेख गळाला. वर हा हान्स रायटर कोण, तर नाझी राजवटीतल्या आरोग्य खात्याचा प्रमुख, बुखेनवाल्ड छळछावणीतल्या टायफस लशीच्या प्रयोगांशी जोडला गेलेला माणूस. हे नाव रूढ करणारा १९४२ चा लेख ज्या दोघांचा, त्यांतल्या एफ्राइम एंगलमन यांनी २००७ मध्ये सहकाऱ्यांसह ती सूचना जाहीरपणे मागे घेतली. यादीने मात्र नाव जपून ठेवलं.

आणि आता आमची पापं. कोड निवडायचा ड्रॉपडाउन मी स्वतः लिहिलाय. 'जास्त वापरलेले कोड वर' हे सॉर्टिंग माझंच, डेमोमध्ये त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. परिणाम काय? 'अनस्पेसिफाइड' सगळ्यात वर. वर म्हणून सगळे तोच निवडतात, आणि सगळे निवडतात म्हणून तो वर! खरंच काही कळलं नसेल तर अनस्पेसिफाइड हे प्रामाणिक उत्तर आहे, त्याला माझा विरोध नाही. पण चौथ्या पानावर उत्तर असताना तो कोड लावणं हा आळस आहे, आणि त्या आळसाला उतार आम्ही करून दिलाय.

माझा क्लेम शेवटी मंजूर झाला. संधिवाततज्ज्ञांनी शिगेलाचा रिपोर्ट पाहून 'मुळे' लिहिलं, हॉस्पिटलने समरी दुरुस्त केली, अडीच महिने गेले. पण मला भांडता आलं ते एम०२.१ तोंडपाठ होता म्हणून. माझ्या मावशीला हे जमलं असतं? तिने गुपचूप ७४ हजार भरले असते, आणि 'वय झालं, संधिवात असायचाच' म्हणून गप्प बसली असती.

तेव्हा, जुलाबाचासुद्धा रिपोर्ट फेकू नका, फोनमध्ये फोटो ठेवा. डिस्चार्जच्या काउंटरवर सही करण्याआधी समरी वाचा. आधीचा आजार लिहिलाय का, आणि त्याच्यापुढे 'मुळे' आहे का, एवढं बघा. नसेल तर तिथेच उभे राहा आणि लिहून मागा.

मी माझं सॉर्टिंग काढून टाकण्याचं तिकीट काल रात्री टाकलंय. सोमवारी प्रॉडक्ट मॅनेजर विचारेल, 'कुठल्या क्लायंटने मागितलं?'

पेशंटने, असं सांगणार आहे.