महिलांची सायकल शर्यत आणि वेळेचा हिशेब

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यातील घाटवाटांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ती पुरुषांची होती. त्यासाठी आयोजकांना दोष देण्याचा प्रस्तुत लेखिकेचा हेतू नाही. परंतु त्या निमित्ताने नाशिककरांनी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हरकत नाही. नोकरी वा घर सांभाळून हौसेने सायकल चालविणाऱ्या स्त्रियांसाठी तीन दिवसांची शर्यत आपण भरवू शकू काय, आणि भरविलीच तर तीत उतरू शकणाऱ्या स्त्रिया कोण असतील?

नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारी जाते, तीत स्त्रियाही असतात. तेव्हा स्त्रियांना एवढे अंतर झेपेल काय, ही शंका आता काढण्यात अर्थ नाही. जागतिक क्रीडासंस्थांनी मात्र ती फार काळ बाळगली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची रस्त्यावरील शर्यत प्रथम आली ती 1984 साली, आणि तीही 79 किलोमीटरची. पुरुषांची 190 किलोमीटरची होती. गंमत अशी की, त्याच वर्षी फ्रान्समध्ये पुरुषांच्या ‘टूर द फ्रान्स’च्या बरोबरीने स्त्रियांची 18 टप्प्यांची शर्यत यथास्थित पार पडली. ती जिंकणाऱ्या अमेरिकेच्या मरिॲन मार्टिनच्या पदरी करंडक आणि हजारएक डॉलर पडले.

हौशी स्पर्धकाच्या बाबतीत बक्षिसाचा मुद्दा गौण होय. खरा खर्च वेळेचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालविते, तर पुरुष 97 मिनिटे. शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्यांपुरतीच आहे. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक निघतात. हे आकडे शर्यतीच्या मार्गावर ठेवून पाहावेत. एका दिवसाची शर्यत असली की बाई पहाटे तीनला उठते, पोळ्या-भाजी करून ठेवते, आणि दुपारी परत येऊन ओटा आवरते. घराचा हिशेब बिघडत नाही. तूट तिच्या झोपेतून भरून निघते. तीन दिवसांच्या शर्यतीत ही उसनवारी चालत नाही. टप्प्यांच्या शर्यतीचे मर्म रस्त्याइतकेच रात्रीत असते. आज घाट चढून थकलेले पाय उद्या सकाळी पुन्हा चालावयाचे, तर संध्याकाळी पोटभर जेवण आणि आठ-नऊ तासांची झोप हवी. बहुतेक अशा शर्यतींत ठराविक वेळेपेक्षा मागे पडणारा स्पर्धक बाद होतो. पहिल्या रात्रीची अपुरी झोप तिसऱ्या दिवशी अशी वसूल होते.

सायकलस्वारांच्या मुक्कामावर संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. पुरुष पाय भिंतीला लावून पडलेले असतात, आणि स्त्रिया फोनवर : डाळीचा डबा वरच्या फळीवर आहे, धाकट्याला ताप असेल तर औषध फ्रिजच्या दारात. हे फोन प्रस्तुत लेखिकेनेही केले आहेत. हसण्याचा तिला अधिकार नाही.

नाशिकमध्ये अशी शर्यत भरविण्याचे कोणी मनावर घेतले, तर काटकसरीची एक सूचना प्रथम येईल, ती अशी की रोज शहरातूनच निघावे, त्र्यंबकेश्वर, सिन्नर किंवा दिंडोरीकडे फेरी मारून परतावे, आणि स्पर्धकांनी रात्री आपापल्या घरी जावे. मुक्कामाचा खर्च वाचेल, आणि लहान मुलांच्या आयाही येऊ शकतील, हे खरे. त्यामुळे नावे अधिक येतील, हेही मान्य. तथापि ही सूचना स्वीकारू नये असे माझे मत आहे. घरी परतलेली स्पर्धक स्वयंपाकघरात परतते, आणि दुसऱ्या दिवशीच्या टप्प्याला दोन प्रकारच्या स्त्रिया उभ्या राहतात : घरी कामाला माणूस असलेल्या, आणि नसलेल्या. निकाल तेथेच लागून जातो. मुक्काम गावाबाहेर असला, तर निदान रात्रीपुरत्या सर्वजणी सारख्या ठरतात. लहान मुलांची अडचण खरी आहे. त्यांना मुक्कामी आणण्याची परवानगी व सांभाळणारी दोन माणसे, हा खर्च आयोजकांनीच उचलला पाहिजे.

त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? बक्षिसांतून. हौशी स्पर्धकांना मोठ्या रकमेचे प्रयोजन नाही, आणि देणगीदारांना छायाचित्रासाठी मोठ्या अक्षरांतला धनादेश हवा असतो, एवढ्यासाठी ती ठेवू नये. सप्तशृंग गडावर आणि त्र्यंबकेश्वरी यात्रेकरूंच्या निवासाची सोय आहे. नवरात्र व चैत्राची यात्रा टाळून तारखा धरल्या, तर ती थोड्या खर्चात मिळू शकेल. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या स्त्रियांनाही यावेसे वाटले, तर द्राक्षांची तोडणी सुरू होण्यापूर्वीचा डिसेंबर त्यातल्या त्यात बरा. मात्र नंदुरीहून गडाचा घाट तिसऱ्या दिवशी ठेवावा, पहिल्या नव्हे. दोन रात्री नीट झोपल्यावर कोण किती चढते, ते तेव्हा दिसेल.