अमरावती रोडवरचे शेजारी

‘सामंजस्य करार’ हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. विद्यापीठ आणि सरकारी प्रयोगशाळा यांच्यात तो होतो, दोन्हीकडचे अधिकारी फायली उघड्या धरून छायाचित्राला उभे राहतात, आणि वर्षअखेरीस विद्यापीठाच्या अहवालातील एक आकडा वाढतो. मूळ इंग्रजी संज्ञेत ‘समजुतीचे टिपण’ एवढाच कोरडा अर्थ आहे. मराठी भाषांतरकाराने त्यात सामंजस्यही ओतले आणि कराराचे वजनही वाढविले. असो. शब्दाची गंमत करणे हा आमचा हेतू नाही. अवकाश संशोधन करणारी सरकारी यंत्रणा आणि विद्यापीठे यांच्या भागीदारीकडे पाहताना आम्हाला एक प्रश्न सतत पडत आला आहे : या भागीदारीत संशोधनाचा प्रश्न कोण विचारतो? पैसा कोणाचा, उपकरणे कोणाची, श्रेय कोणाचे यांवर पुष्कळ चर्चा होते. प्रश्नाच्या मालकीवर ती होत नाही. आणि हा केवळ विज्ञानशाखेचा घरगुती मामला आहे असेही आम्हाला वाटत नाही.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, विद्यापीठांना जोडून घेण्याचे काम १९७० च्या दशकापासून चालविले आहे. ‘रिस्पॉन्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेची रीत साधी आहे. इस्रोची केंद्रे आपल्या गरजेच्या विषयांची यादी काढतात. महाविद्यालयातील किंवा विद्यापीठातील प्राध्यापक त्यातला एखादा विषय घेऊन प्रस्ताव पाठवितो. तज्ज्ञ तो तपासतात. मंजूर झाला तर दोन-तीन वर्षांसाठी उपकरणांना आणि एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या वेतनाला पैसे मिळतात. अखेरीस अहवाल जातो. याखेरीज काही आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आपल्याकडे पुणे विद्यापीठ येथे इस्रोचे कायमस्वरूपी अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहेत. या योजनेतून अनेकांच्या पीएच.डी. झाल्या, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण यादी वरून येते, ही गोष्ट नोंदवायला हवी. विद्यापीठ त्या यादीतील रिकामी जागा भरते. ज्याला आपण ज्ञाननिर्मिती म्हणतो तिचा पहिला क्षण, म्हणजे ‘हे असे का?’ असे विचारण्याचा क्षण, विद्यापीठाच्या आवाराबाहेर घडून गेलेला असतो.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ उभी राहिली ती देशभरच्या विद्यापीठांतील खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना साधने मिळावीत म्हणून. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ या वेधशाळेवरील उपकरणे घडविण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांच्याबरोबर आयुकाचाही हात होता. पुढे २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या ‘आदित्य-एल१’वरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण आयुकाने इस्रोच्या साहाय्याने तयार केली. या दोन्ही ठिकाणी अग्निबाण इस्रोचा होता, उपग्रहाचा सांगाडा इस्रोचा होता, पण ताऱ्यांविषयीची आणि सूर्याविषयीची जिज्ञासा अभ्यासकांची होती. अॅस्ट्रोसॅटवर निरीक्षणाची वेळ हवी असेल तर एखाद्या लहान गावातल्या महाविद्यालयातील प्राध्यापकालाही प्रस्ताव देता येतो, आणि त्यासाठी मदत करणारा कक्ष आयुकात आहे. याला आम्ही भागीदारी म्हणू.

विद्यार्थ्यांच्या उपग्रहांची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला, तो वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी. त्याच वर्षी २२ जूनला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ गेला. इंधन किंवा मोटार न वापरता, केवळ चुंबकाच्या बळावर उपग्रहाला दिशा धरता येते का, हे त्याला पाहायचे होते. हे दोन्ही प्रश्न लहान होते, पण विद्यार्थ्यांचे होते, आणि ते विचारणाऱ्यांच्या कितीतरी तुकड्या उपग्रह उडण्याआधीच शिकून बाहेर पडल्या होत्या. नागपूरचे नाव या मालिकेत आले ते २८ फेब्रुवारी २०२१ रोजी. श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी५१ वर ब्राझीलचा ‘अॅमेझोनिया-१’ हा मुख्य प्रवासी होता, आणि सोबत्यांमध्ये ‘युनिटीसॅट’ नावाची तीन उपग्रहांची जुळणी होती. त्यांतला एक नागपूरच्या रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, उरलेले दोन तामिळनाडूतील महाविद्यालयांचे. रेडिओ संदेश पुढे पाठविणे हे त्यांचे काम. शहराला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. आम्हाला मात्र अशा प्रत्येक वेळी जाणवते की आपल्या अभिमानाचा सगळा भर ‘गेला’ या क्रियापदावर असतो. गेला, पण काय विचारायला गेला, हे पुढचे वाक्य आपण क्वचितच म्हणतो.

नागपूरला खरे तर अवकाशाकडे पाहण्यासाठी श्रीहरिकोट्याची गरज नाही. देशातील नैसर्गिक साधनसंपत्तीच्या नोंदींसाठी १९८० च्या दशकात पाच प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्रे निघाली : बंगळूर, डेहराडून, जोधपूर, खरगपूर आणि नागपूर. खरगपूरचे केंद्र आयआयटीच्या आवारात होते. नागपूरचे केंद्र अमरावती रोडवर राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या आवारात आले. १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए बैकानूरहून सुटला, आणि त्याच वर्षी राज्य सरकारचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच स्थापन झाले. ते विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. म्हणजे अवकाशातून जमीन वाचणाऱ्या दोन सरकारी संस्था आणि मातीचे देशव्यापी सर्वेक्षण करणारी तिसरी, एवढे सारे एका शहरात आहे. आणि त्याच अमरावती रोडवर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. २००५ पासून या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. ज्यांनी आयुष्यभर गाव या एकाच विषयाचा ध्यास घेतला, त्यांचे.

येथे साहित्याच्या अभ्यासकांनी कान टवकारावेत. उपग्रहाचे चित्र आपल्याला वाटते तसे छायाचित्र नसते. जमिनीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांची ती आकडेवारी असते. प्रत्येक पदार्थाची परावर्तनाची जी खास तऱ्हा असते, तिला या शास्त्रात ‘सिग्नेचर’, म्हणजे चक्क सही म्हणतात. चित्राचा अर्थ लावण्याच्या क्रियेला ‘इंटरप्रिटेशन’ हाच शब्द आहे. छटा, पोत, आकार, सावली, आणि एखादी खूण कशाच्या शेजारी आहे यांवरून अर्थ लावायचा, आणि मग जागेवर जाऊन तो पडताळायचा. या पडताळणीचे नाव ‘ग्राउंड ट्रूथ’. संहितेचे सूक्ष्म वाचन शिकविणाऱ्यांना यातले काय अपरिचित आहे? आयआरएस-१ए च्या चित्रात एक ठिपका सुमारे ७२ मीटर लांबीरुंदीचा होता. पुढच्या उपग्रहांनी तो ५.८ मीटरपर्यंत आणि त्याहूनही खाली आणला. पण ठिपका कितीही लहान झाला तरी त्याला नाव जमिनीवरच्या माणसाकडूनच घ्यावे लागते. आणि जमिनीवरचा माणूस मराठी बोलतो, गोंडी बोलतो, झाडीबोली बोलतो.

पूर्व विदर्भातील तलाव घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे आले आणि सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त रूप होऊन ‘मामा तलाव’ झाले. (आपली नोकरशाही कधीकधी नकळत विनोदी लिहिते.) उपग्रहाला हे सारे ‘जलसाठा’ म्हणून दिसतात. वर जलपर्णी किंवा बेशरम माजली की तोच जलसाठा ‘वनस्पती’ दिसू लागतो. उन्हाळ्यात पाणी उतरून तळात पीक घेतले की ‘शेत’ दिसतो. गावात मात्र तलाव वेगळा, शेताच्या उशाची बोडी वेगळी. पाळ वेगळी, पाणी सोडण्याचे तुडूम वेगळे, जादा पाणी जाण्याची वाट वेगळी. या प्रत्येक शब्दामागे पाण्याच्या वाटपाची व्यवस्था आहे. मातीचेही तसेच. धानपट्ट्यातला शेतकरी कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बर्डी असे भेद करतो. ब्रिटिश अंमलातील जमाबंदीने आकारणीसाठी हेच शब्द उचलले. आधुनिक मृदाशास्त्राने जागतिक वर्गीकरण स्वीकारले, त्याला इलाज नव्हता; तरी मातीच्या प्रकाराला ती प्रथम जेथे वर्णिली त्या गावाचे नाव द्यायची त्या शास्त्राची प्रथा असल्याने, नागपूर जिल्ह्यातील लिंगा हे गाव मृदाशास्त्राच्या शोधनिबंधांत वावरते. गावकऱ्यांना ते कोणी सांगितले असेल का, कोण जाणे.

शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आहे. मुळात ती गुरे चारण्याच्या, खुरट्या झुडपांच्या पडीक जमिनीसाठी होती. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ प्रमाण धरला, आणि २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच असल्याचे ठरविले. १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षण देऊन. हा विषय सुमारे ८६ हजार हेक्टरचा आहे. त्यावर घरे आहेत, शाळा आहेत, कचेऱ्या आहेत. उपग्रहाचे चित्र तेथे आज झुडपे आहेत की इमारती एवढे सांगेल. ‘झुडपी’ हे विशेषण आणि ‘जंगल’ हे नाम लिहिणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न भाषेचा आहे, दप्तराच्या इतिहासाचा आहे. या कामात सुदूर संवेदन केंद्राइतकाच भाषाविभागही लागतो. परंतु प्रस्तावांच्या याद्या करणाऱ्यांनी मराठी विभाग अर्ज करील अशी कल्पनाच केलेली नसते. आणि मराठी विभागांनीही केलेली नसते, हेही तितकेच खरे.

यावरचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. इस्रो ही मोहिमा पार पाडणारी संस्था आहे. तिच्या तारखा ठरलेल्या असतात, चुकीला जागा नसते, काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात. तिने विद्यापीठाच्या गतीने चालावे असे कोणी म्हणणार नाही, विशेषतः आपली विद्यापीठे ज्या गतीने चालतात ती पाहता. रिक्त जागा, तासिका तत्त्वावरचे अध्यापक, विनियोग प्रमाणपत्रासाठी अडलेला निधी यांतून जो प्राध्यापक संशोधनापर्यंत पोचतो त्याला तयार विषय मिळणे ही सोयच आहे. शिवाय सरकारी केंद्राला मदतनीस हवे असतात, त्यांना काम मिळते. यात वाईट काय? वाईट काही नाही. मात्र मजुरीला मजुरी म्हणावे, तिला ज्ञानाची भागीदारी म्हणू नये. आणि विदेची, म्हणजे आकडेवारीची, अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २००९ पासून ‘भुवन’ संकेतस्थळावर चित्रे पाहता येतात. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने पाच मीटर आणि त्याहून स्थूल तपशिलाची चित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. दार उघडे आहे. आत जाऊन काय मागायचे हे ठरविणे विद्यापीठाचे काम.

आम्ही एक मागणी सुचवितो. मराठीत गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. शतकानुशतकांची राख, शेणमाती आणि पडक्या भिंती मिसळून वस्तीची माती फिकट होते. गाव उठून गेले तरी ती पांढरी राहते. विदर्भाच्या महसुली याद्यांत अशा उठलेल्या गावांपुढे ‘रिठी’ असे लिहिलेले असते. चौदाव्या शतकातील मानली जाणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले ती ठिकाणे सांगते : देऊळ कोणत्या तोंडाचे, गावाच्या कोणत्या दिशेला, ओढा कोणीकडे. तिचे संपादन केले ते याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या वि. भि. कोलते यांनी. याच विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६९-७० मध्ये पवनीच्या उत्खननात भाग घेतला होता. आता काळ्या कापसाच्या मातीत उठलेल्या गावांची पांढरी अवकाशातून ओळखता येते का? एप्रिल-मेमध्ये पीक नसते, काळी उघडी असते, आणि ५.८ मीटरच्या चित्रांत लहानसे गावठाणही काही डझन ठिपके व्यापते. ही माती लोक भिंतींसाठी आणि शेतात टाकण्यासाठी उकरून नेतात, त्यामुळे ठिकाणे वर्षागणिक सपाट होत आहेत. याद्या तहसील कचेरीत आहेत, पोथी ग्रंथालयात आहे, चित्रे अमरावती रोडवर आहेत. एका तालुक्यापुरते तपासायचे तर दोन विभागांचे चार विद्यार्थी आणि एक उन्हाळा पुरेल.