पैसे मोजा ते पोळीचे

कुळगावातल्या कॅफेत केसाडिया मागवला, तर बहुधा मैद्याच्या पोळीत ढोबळी मिरची, मक्याचे दाणे नि चीज भरून, तव्यावर दाबून, तुकडे करून समोर येतो. मुंबईतल्या उंची रेस्टॉरंटात सोबत ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी) येतं आणि बिल चांगलंच फुगतं. पण जास्तीचे पैसे मोजायचे ते पोळीसाठी. केसाडियाच्या मायदेशी, मेक्सिकोत, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून पोळ्या थापतात. चुन्याने साल सुटते, पीठ नीट मळलं जातं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. अशी ताजी पोळी मिळणार असेल, तर खुशाल खर्च करा. मुंबईतही मैदाच असेल, तर लोकलची दगदग कशाला? गावातलाच खा, मात्र तव्यावरून उतरल्या उतरल्या. निवला की चीज चिवट होतं.