मोजमापाबाहेरचा दुष्काळ

पैसेवारी पन्नासच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त ठरे, ही जुनी रीत. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीने पावसातील तूट, जमिनीतील ओल, भूजल आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांस महत्त्व दिले. मोजमाप सुधारले, हे मान्यच. परंतु उपग्रहास उसाचा फड हिरवाच दिसतो; शेजारच्या वस्तीतील आटलेला आड दिसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेही ऊस पिकविणाऱ्या मुलखात!

दुष्काळाची चाहूल आधी गुरांच्या बाजारात लागते. बैल मिळेल त्या भावाने विकले जातात. मागाहून शाळेतील हजेरी घटते. या नोंदी बाजार समितीच्या व शाळेच्या दप्तरी असतातच. तहसीलदारांनी त्या दर पंधरवड्यास मागवून चावडीवर लावाव्यात.