खुर्ची आधी, अटी मागाहून

७ मे २०२३ रोजी कैरोत जमलेल्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुमारे बारा वर्षे बाहेर ठेवलेल्या सीरियाला अरब लीगमध्ये पुन्हा जागा दिली. १९ मे रोजी सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद जेद्दाच्या शिखर परिषदेत मानाने बसलेले जगाने पाहिले. पुढे एकोणीस महिन्यांत ते मॉस्कोला पळाले आणि टीकाकारांनी निकाल लावून टाकला: वाळीत टाकलेल्या राजवटीशी बोलणेच मूर्खपणाचे, बहिष्कार टिकवला असता तर असद आधीच कोसळले असते.

या युक्तिवादातली चीड खरी आहे, पण इतिहास त्याला साथ देत नाही. आंदोलकांवरच्या दडपशाहीमुळे लीगने सीरियाला निलंबित केले ते नोव्हेंबर २०११ मध्ये. मार्च २०१३ मध्ये दोह्याच्या परिषदेत तर सीरियाच्या जागी विरोधकांचे नेते मोआझ अल-खतीब यांना बसवून पाहिले. असद ढळले नाहीत. अरबांनी मोकळे सोडलेले मैदान तेहरानने व्यापले आणि सप्टेंबर २०१५ पासून रशियाची लढाऊ विमानेही आली. अखेर राजवट पडली ती इदलिबहून निघालेल्या बंडखोरांच्या बारा दिवसांच्या मुसंडीत. तेव्हा असदांची पाठीराखी लेबनॉनची हिजबुल्ला इस्रायलशी लढून खिळखिळी झाली होती आणि रशिया युक्रेनमध्ये अडकला होता. निर्बंधांनी असदांची फौज आतून पोखरली होती, हे कबूल. पण ते निर्बंध अमेरिका आणि युरोपचे होते, आणि जेद्दानंतरही ते जागच्या जागी होते.

म्हणून व्यवहारवाद्यांचा पक्ष बरोबर ठरतो असे नाही. शेजारी बदलता येत नाही, दार उघडले की वागणूकही हळूहळू सुधारते, हा त्यांचा सिद्धांत. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ च्या डिसेंबरमध्येच दमास्कसमधला दूतावास उघडला होता आणि फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर सौदीची मदत घेऊन विमान अलेप्पोला उतरले. १ मे २०२३ रोजी अम्मानमध्ये सौदी, इराक, इजिप्त, जॉर्डन आणि सीरिया यांच्या मंत्र्यांनी यादीही केली: निर्वासितांचे सुरक्षित आणि स्वेच्छेने परतणे, बेपत्ता लोकांचा शोध, अमली पदार्थांच्या तस्करीला आळा. ‘पावलाला पाऊल’ असे धोरण ठरले. यादी चोख होती. पण सहाव्याच दिवशी खुर्ची देऊन टाकली! पाठपुराव्यासाठी मंत्र्यांची समिती नेमली, म्हणजे वरातीमागून घोडे.

परिणाम लपला नाही. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये जॉर्डनच्या सीमेवर तस्करांशी चकमकी झडत होत्या आणि जॉर्डनची विमाने दक्षिण सीरियात बॉम्ब टाकत होती. कॅप्टागॉन या अमली पदार्थाच्या गोळ्यांचे कारखाने असद गेल्यावर उघडे पडले. दमास्कसजवळच्या दूमामध्ये तर गोळ्या घरगुती व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये लपवलेल्या सापडल्या. निर्वासितांचे म्हणाल, तर ज्या राजवटीच्या भीतीने माणसे पळाली तीच कायम असताना परत कोण जाणार?

फसला तो क्रम, संबंध जोडण्याचा विचार नव्हे. उलट क्रमाचे उदाहरण लीगच्याच दप्तरात आहे. इस्रायलशी तह केला म्हणून १९७९ मध्ये इजिप्तला निलंबित केले, लीगचे मुख्यालयही कैरोतून ट्युनिसला हलवले. परतीची वाट टप्प्याटप्प्याने खुली झाली. १९८४ मध्ये जॉर्डनने संबंध जोडले. नोव्हेंबर १९८७ मध्ये अम्मान परिषदेने प्रत्येक देशाला तशी मोकळीक दिली. लीगमधली जागा मिळाली मे १९८९ मध्ये. आक्षेप असा येईल की इजिप्तने स्वतःच्या नागरिकांची कत्तल केली नव्हती. अगदी बरोबर. त्यामुळेच सीरियाच्या बाबतीत टप्पे अधिक कडक हवे होते.

ही चर्चा शिळी झालेली नाही. असदांनंतर सत्तेवर आलेले अहमद अल-शरा ४ मार्च २०२५ रोजी कैरोच्या अरब परिषदेत बसले आणि त्याच आठवड्यात सीरियाच्या किनारपट्टीवर असदांच्या पंथाच्या अलावींची हत्याकांडे घडली. अल-शरांच्याच सरकारच्या चौकशी समितीने १,४२६ मृतांची नोंद केली. युरोपने मे महिन्यात आर्थिक निर्बंध उठवले. अमेरिकेने सीझर कायद्यातल्या निर्बंधांतून सुरुवातीला सवलत दिली ती १८० दिवसांची. यात खुर्ची पुन्हा आधीच दिली गेली, पण पैसा, गुंतवणूक आणि पुनर्बांधणीचे करार अजून पुष्कळ बाकी आहेत. त्यांचा एकेक हप्ता बेपत्तांच्या शोधाशी आणि किनारपट्टीच्या खटल्यांशी बांधायला रियाध, दोहा आणि अबू धाबी यांना कुणी अडवलेले नाही.