छपरांचा दस्तऐवज : अजिंक्यताऱ्यावरून सातारा

१/ सांगलीच्या विश्रामबागेत गच्चीवर उभे राहिले, तर समोर दिसते ती शेजारची गच्ची. सपाट भूमीवरचे शहर आपले एकसंध रूप दाखवत नाही. याच कृष्णेच्या वरच्या अंगाला, साताऱ्यात, अजिंक्यतारा मात्र अख्खे शहर पायाशी मांडून देतो. तरीही तेथे बहुतेक कॅमेरे सूर्यास्ताकडे वळतात. माझे मत असे की, इतिहासप्रेमींनी ते खाली, छपरांकडे वळवावेत.

२/ याला परंपराही आहे. कॅमेऱ्याने टिपलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र निसेफोर न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधील आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतले. त्यात आहेत ती आसपासची बांधकामे आणि छपरे.

३/ साताऱ्याची हळहळ येथेच आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि त्यांच्याच काळात गडाच्या पायथ्याशी शहर वसले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. सप्टेंबरात इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. कॅमेरा या प्रांतात रुजेपर्यंत राजधानी उरली नव्हती. शाहूंच्या नगरीची छपरे आपल्याला तर्कानेच उभी करावी लागतात.

४/ छप्पर काळ सांगते. आधी हाताने घडवलेली नळीची कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर पसरत गेलेली मंगळुरी कौले. मग पत्रा, मग स्लॅब. उतरत्या कौलांच्या घरात कुरडया-सांडग्यांचे वाळवण अंगणात किंवा चौकात पडे. स्लॅबने ते अंगणच वर नेले. गच्चीवरचे वाळवण, दोरीवरची धुणी, पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर ही सारी त्या स्थित्यंतराची साक्ष होय.

५/ एक आक्षेप रास्त आहे. गच्ची हा घराचाच भाग; उंचावरून तेथे डोकावणे अशिष्टपणाचे ठरते. म्हणून झूम लेन्स टाळावी, चौकट रुंद ठेवावी. वस्ती दिसावी, माणूस ओळखू येऊ नये.

६/ जुने वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. वाडा पडल्यावर त्याचा दर्शनी दरवाजा कुणाच्या तरी संग्रहात सापडतो. छपराचे चित्र क्वचितच सापडते. १८३९ च्या साताऱ्याकडे कॅमेरा नव्हता, आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा गडावरची एक जागा ठरवा, दरवर्षी तीच चौकट टिपा, रंग भडक करू नका आणि प्रत्येक छायाचित्राखाली दिनांक, वेळ व दिशा लिहा. अशी नोंद असली की साधे छायाचित्रही उद्याच्या अभ्यासकाला साधन म्हणून वापरता येते.